काकाजींचा कोळसा

खोली भाड्याने देताना घरमालक काय काय विचारतात याचा मला बरा अनुभव आहे. गाव कोणतं, लग्न झालंय का, घरात अंडी शिजतात का, पाहुणे किती येतात. दवनीवाड्याच्या झनकलाल काकाजींनी यातलं काहीच विचारलं नाही. बाजेवर बसल्या बसल्या त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले,

"कोरसा कितीक साल पुरन?"

मी वीज खात्यातला कारकून, नुकताच वर्ध्याकडून बदलून आलेला. हातात बॅग, दुसऱ्या हातात बादली. कोळशाला तिकडे कोरसा म्हणतात हे कळायलाच मला थोडा वेळ लागला. मग वाटलं, शेगडीच्या कोळशाचं विचारतायत. मी म्हटलं, माझ्याकडे स्टोव्ह आहे.

"शेगडीचा नाई. जमिनीतला. ज्याच्यावर तुमची वीज चालते, तो."

आता हे मला काय ठाऊक? पण वीज खात्याचा माणूस म्हणून खात्याची अब्रू राखायला हवी, म्हणून मी सढळपणे दोनशे वर्षं सांगून टाकली. म्हातारा खूश होईल असं वाटलं होतं. उलट त्यांचा चेहराच उतरला. खोली खाली नाही म्हणाले. खोलीचं दार उघडं होतं आणि आत एका कोंबडीखेरीज कोणी राहत नव्हतं, पण वाद कोण घालणार?

चौकातल्या चहावाल्याने माझी चूक समजावून दिली. "त्याइले कमी सांगा लागते, साहेब. जास्त सांगतलं का त्याइचा जीव खालीवर होते." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. शंभर म्हटलं. काकाजींनी मान हलवली. ऐंशी म्हटलं. "थोडा कमी करा ना." आठवडी बाजारात वांग्यांचा भाव पाडावा तसा आम्ही पृथ्वीच्या पोटातला कोळसा पाडत पाडत खाली आणला आणि शेवटी पंचवीस वर्षांवर सौदा पटला. काकाजींनी कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि कोंबडीला हाकललं.

झनकलाल काकाजी हे पोवार शेतकरी. गावाबाहेर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, घरी बैलजोडी, दोन म्हशी आणि काकू. वय पासष्टीच्या पुढे, अंगकाठी सडसडीत, मिशी पांढरी, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपणच काहीतरी उधळपट्टी करून आलोय. कोणी मोटरसायकलवरून आला की ते आधी त्याच्या गाडीकडे बघत. "कायले जाळून राहिला गा पेट्रोल? पाय झिजले का तुये?" आपले पूर्वज माळव्यातून इथवर आले हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता, पण अभिमान पराक्रमाचा नव्हता. "मालव्यातून बैलगाडीनं आले. कोनाले डिझेल मांगलं का?" असं ते विचारत आणि उत्तराची वाट पाहत.

कोळशाचा प्रश्न त्यांनी विचारला नाही असा माणूस त्या पंचक्रोशीत नव्हता. एसटीच्या कंडक्टरला विचारून झालं होतं. म्हशीला सुई द्यायला आलेल्या डॉक्टरला विचारून झालं होतं. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला, त्यालाही विचारलं. तो बिचारा छातीवर हात ठेवून म्हणाला, आम्ही निवडून आलो तर कोळसा कधीच संपू देणार नाही. त्या घरातली दोन मतं तिथल्या तिथे गेली.

बरं, माणूस नुसता भ्रमिष्ट म्हणावा तर तसंही नाही. त्यांचं म्हणणं ऐकत बसलं की पटायला लागायचं आणि तीच भीती होती. एकदा संध्याकाळी ओसरीवर बसून मला म्हणाले, "कोरसा म्हंजे काय? मेलेला जंगल. जंगल मेला, मातीत गेला, त्याचा कोरसा झाला. म्हंजे तेरवीचं जेवन हाये ते, बाबूसाहेब. एक दिवस पोटभर मिलते. रोज रोज कोन मरन तुमच्यासाठी?" तेराव्याचं जेवण जेवून आलेल्या माणसासारखं मला त्या रात्री पंख्याखाली झोपताना कसंतरीच झालं. तसा पंखा फार वेळ चाललाही नाही.

कारण ते दिवस भारनियमनाचे होते. दोन हजार सहा-सात साल असेल. वीज येण्यापेक्षा जायचीच जास्त, आणि ती गेली की सगळं गाव माझ्याकडे असं बघायचं, जणू मी ती खिशात घालून घरी आणलीय. एकटे काकाजी खूश असत. बत्ती गुल झाली की त्यांचा आवाज अंधारातून येई, "झालं. कोरसा कमी होऊन राहिला."

या घरात कोळशाचा खरा जाणकार एकच होता, आणि नेमकं त्याला काकाजींनी कधी काही विचारलं नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा योगेश. गोंदियाला आयटीआय करून तो छत्तीसगडातल्या कोळशावर चालणाऱ्या एका वीज केंद्रात लागला होता. कोळसा वाहून नेणारा लांबच लांब पट्टा असतो, त्या पट्ट्यावर त्याची ड्यूटी. पट्टा थांबत नाही म्हणून सुट्टी मिळत नाही, आणि सुट्टी मिळत नाही म्हणून तो येत नाही, असं चार वर्षं चाललं होतं. काकाजी त्याचं नाव घेत नसत. कोणी विचारलंच तर म्हणत, "कोरसेवाल्याचं मले नोका इचारू."

योगेशचा फोन माझ्या मोबाइलवर यायचा, दर रविवारी. काकू ओसरीच्या पायरीवर बसून बोलायच्या. त्या वेळी काकाजी मुद्दाम पाठ करून बसत आणि हातातल्या दोरीला पीळ देत. पण पिळता पिळता दोरी जागच्या जागी थांबलेली असायची. फोन संपला की भिंतीशी बोलल्यासारखं विचारायचे, "काय म्हन्ते कोरसेवाला?" काकू सांगायच्या, तीन नंबरचं युनिट बंद पडलंय, त्यामुळे रजा नाही. "युनिट," काकाजी म्हणायचे. हा शब्द त्यांनी मनात कुठेतरी जपून ठेवला होता. तो पुढे त्यांच्या अंगाशी कसा आला ते सांगतोच.

कोळसा संपल्यावर काय, याची तयारी काकाजींनी स्वतःच्या घरापासून सुरू केली होती. पहिली आली ती सूर्यचूल. काळी पेटी, वर काच, त्यावर आरसा. सकाळी काकाजी तिच्यात तुरीची डाळ ठेवत आणि मग दिवसभर ती पेटी उचलून उन्हामागे फिरत. कडुनिंबाची सावली आली की पेटी गोठ्याकडे, गोठ्याची आली की विहिरीकडे. शेतातलं काम पडून राही, पण डाळीला एक क्षण सावली लागू देत नसत. आरशात स्वतःला बघून एक कावळा चवताळून त्यावर चोची मारायचा, तेव्हा त्याला हाकलायचं काम माझ्याकडे होतं, रविवारी. डाळ चार वाजता शिजायची आणि खरोखर फार गोड लागायची. पण काकू चुलीवरचं जेवून, भांडी घासून, एक झोप काढून उठलेल्या असायच्या. "सूर्याचा सैपाक सूर्यालेच वाढा," असं त्या म्हणायच्या.

मग पवनचक्की झाली. सायकलच्या चाकाला पत्र्याची पाती ठोकून काकाजींनी ती घराच्या आढ्यावर बसवली. आमच्या त्या भागात वारा म्हणजे कधीतरी येणारा पाहुणा. वर्षभर ते चाक ढिम्म हललं नाही. वैशाखात एका दुपारी वादळ उठलं, त्यात ते जे फिरलं ते उडूनच गेलं आणि सरपंचांच्या भोपळ्याच्या वेलावर उतरलं. सरपंच तक्रार घेऊन आले. काकाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की उडताना फिरत होतं का?

आज त्याच भागात बांध्यांच्या कडेला सौर पंप दिसतात, निळ्या काचांच्या पट्ट्या उन्हाकडे तोंड करून उभ्या असतात आणि पाणी बदाबदा पडत असतं. कोणाला त्यांचं काही वाटत नाही. मी मात्र ती पट्टी पाहिली की पेटी छातीशी धरून उन्हामागे धावणारा एक म्हातारा मला दिसतो आणि हसू आवरत नाही.

पण काकाजींचा खरा जीव होता तो बैलांच्या विजेवर. घरामागच्या सांदवाडीत, अंगणातला उजेड पोचेल इतक्या जवळ, धान चुरायचं म्हणजे मळणीचं खळं होतं. चुरणीला बैल गोल गोल फिरतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. एवढं फिरून नुसतं धानच का निघावं, असा त्यांना प्रश्न पडला. गोंदियाच्या भंगार बाजारातून त्यांनी मोडक्या ट्रॅक्टरचे दाते आणले, एका ट्रकचा डायनामो आणला, मधे खांब रोवला, त्याला आडवा लाकडी दांडा लावला, दांड्याला बैल जुंपले. बैल फिरले की दाते फिरत, दाते फिरले की पट्ट्यावरून डायनामो फिरे, आणि अंगणात तुळशीसमोर लावलेला ट्रकचा हेडलाइट पेटे. पहिल्यांदा पेटला तेव्हा काकू देवळातून येत होत्या. अंगणात ट्रक शिरला समजून त्या कुंपणात उडी टाकायच्या बेतात होत्या.

बॅटरी मात्र टिकली नाही. त्यामुळे बैल चालले की उजेड आणि बैल थांबले की अंधार. बैलाला वैरण दिसली की उजेड मंद व्हायचा. माशी बसली की लखलखायचा. बैलाने शेपूट वर केलं की काकू काड्यापेटी शोधायला लागत.

या बैलांना काकाजी आता बैल म्हणत नसत. ढवऱ्या हे युनिट नंबर एक आणि पहेलवान हे युनिट नंबर दोन. "एक नंबरचं युनिट आज सुस्त हाये," असं ते मला गंभीरपणे सांगत, आणि मीही खात्यातल्या माणसाच्या गंभीरपणाने मान डोलवत असे. काकूंना हे अजिबात आवडायचं नाही. जावेसमोर त्या एकदा म्हणाल्या, "सरकारची वीज बिल टाकते. आमची वीज शेन टाकते. झाडाले मलेच लागते."

एका रविवारी फोनवर योगेशने सांगितलं की या पोळ्याला तो येतोय. एका रात्रीपुरता, पण येतोय.

काकूंनी फोन ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. काकाजींनी दोरी खाली ठेवली. "येऊ दे," म्हणाले. "पाहू दे त्याले. बिनाकोरशाचा उजेड कसा असते ते." त्या दिवसापासून म्हाताऱ्याला दुसरं काही सुचेना. दात्यांना तेल घातलं. पट्टा नवा आणला. हेडलाइटची काच राखेने इतकी घासली की तिच्यात मिशी दिसायला लागली. गावात दवंडीच पिटायची राहिली होती, बाकी सगळ्यांना सांगून झालं होतं की पोळ्याच्या संध्याकाळी लाईन जाईल तेव्हा कोळसेवाला पोरगा आपल्या डोळ्यांनी बापाची वीज बघेल. लोक म्हणाले वा वा. मीही म्हणालो. आणि एवढ्या सगळ्यांत, अख्ख्या शेतकऱ्यांच्या गावात, एकाच्याही लक्षात ती गोष्ट आली नाही.

वर माझ्यामागे एक वेगळंच लचांड लागलं. गाव मला वीज द्या म्हणायचं. काकाजी एकटे असे निघाले की त्यांनी मला बाजूला घेऊन विनवलं, की काही करा, पण त्या संध्याकाळी लाईन गेली पाहिजे. मी म्हटलं, काकाजी, मी कारकून आहे, माझ्या हातात फक्त टेबलाचा खण असतो. "तुमच्या साहेबाले सांगा. एवढ्या दिवस न सांगता नेली, एक दिवस सांगून नेली तं काय होते?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे कातडी निबर होऊन सुजलेले असतात. ते गरम पाण्याने शेकतात, त्यांना हळद-लोणी चोळतात आणि बैलाच्या कानाशी उद्याच्या जेवणाचं निमंत्रण देतात. माणसांना देतात तसंच, आदराने. काकूंनी पहेलवानाचे खांदे चोळले, ढवऱ्याचे चोळले आणि दोघांना म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग हात पुसत त्या काकाजींकडे वळल्या.

"आता उद्या याइले जुंपान का?"

काकाजी कंदील धरून उभे होते. त्यांनी आधी काकूंकडे बघितलं, मग बैलांकडे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांच्या बापाने ठेवलं नव्हतं, आजाने ठेवलं नव्हतं. जन्मात कधी सुतळीसुद्धा ठेवली नव्हती. पण महिनाभर ते बैलांचा विचारच करत नव्हते, युनिटांचा करत होते. आणि युनिटाला पोळा नसतो.

"ज्याले तुमी युनिट म्हनून राहिले," काकू म्हणाल्या, "तो बैल हाये."

पुढे काय करावं यावर रात्रीच्या जेवणात खल झाला. कोणाचे बैल मागावेत तर सगळ्यांचेच बैल उद्या देव. रेडे तेही देव. ट्रॅक्टर लावावा तर तो डिझेल पितो, म्हणजे मुळावरच घाव. काकू म्हणाल्या, पोरगा उजेड बघायला नाही, पुरणाची पोळी खायला येतोय. ताटातलं संपवून काकाजी खळ्याकडे गेले आणि त्या आडव्या दांड्याची उंची हाताने मोजून आले.

पोळा झोकात झाला. ढवऱ्या आणि पहेलवान शिंगांना बेगड आणि पाठीवर झूल लेवून तोरणाखाली मिरवले, घरोघरी ओवाळून घेतलं, पुरणाची पोळी खाल्ली आणि गोठ्यात जाऊन ऐटीत बसले. संध्याकाळ व्हायला आली. आणि वरून हुकूम आला, सणामुळे आज भारनियमन नाही.

दवनीवाड्यात कितीतरी दिवसांनी अशी संध्याकाळ आली होती. घराघरांत बल्ब लागलेले, टीव्ही सुरू, देवळावर माळ लुकलुकतेय. लोक रस्त्यात थांबून माझं अभिनंदन करत होते. मी घरी आलो तर एकच घर काळंठिक्कर. काकाजींनी मीटरजवळचा फ्यूज काढून कनवटीला लावला होता. तुळशीसमोर हेडलाइट मात्र होता, तोही असा पिवळा आणि आजारी, की त्यापेक्षा काकूंची समई बरी. मी मागे जाऊन पाहिलं. खळ्यात काकाजी फिरत होते. धोतराचा काचा मारलेला, खांद्यावर पोत्याची घडी, घडीवर दांडा. बैलाच्या जागी.

मी धावत पुढे गेलो. त्यांनी हातानेच मला लांब राहायला सांगितलं आणि पुढच्या फेरीला निघाले. मी ओसरीवर काकूंजवळ येऊन बसलो. म्हटलं, काकू, थांबवा ना त्यांना, हा काय हट्ट?

"हट्ट नाई तो," काकू म्हणाल्या. "पोट्टा नोकरीवर चालला होता, तवा यायनं इचारलं, वापस कवा येशीन? पोट्टा हासला. म्हन्ते, कोरसा संपला का यीन. मजाक केली होती त्यानं. पन तवापासून हे दुनियेले इचारून राहिले, कोरसा कितीक साल पुरन."

मला माझी दोनशे वर्षं आठवली. त्यांचा उतरलेला चेहरा आठवला. शंभर, ऐंशी, पन्नास करत तो म्हातारा माझ्याशी कशाची घासाघीस करत होता ते आता कळलं. पंचवीस वर्षांवर त्यांनी सौदा पटवला होता. पंचवीस वर्षांनी ते नव्वदीचे झाले असते.

तेवढ्यात फाटक वाजलं. योगेश आत आला, खांद्याला बॅग, अंगात नवा शर्ट. सगळं गाव उजळलेलं आणि आपलंच घर अंधारात पाहून त्याला वाटलं असणार की बिल न भरल्याने लाईन कापली. त्याने आईच्या पाया पडून आधी माझ्याकडेच रागाने बघितलं. काकूंनी फक्त खळ्याकडे बोट दाखवलं. तो मागे गेला, आणि आम्हीही त्याच्यामागे.

"बाबा, गावात लाईन हाये ना."

"ते तुया कोरशाची," काकाजी न थांबता म्हणाले. दम लागला होता. "माही मी बनवून राहिलो."

"बैल कोठी हायेत?"

"आज सन हाये त्याइचा."

योगेशने बॅग काकूंकडे दिली, शर्ट काढून त्याची घडी केली, ती खांद्यावर टाकली आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाखाली खांदा लावला. अंगणातला हेडलाइट एकदम उजळला. तुळस दिसली, तुळशीपुढची रांगोळी दिसली. काकूंच्या तोंडून "अगं बाई" निघालं. चार वर्षं एकमेकांशी न बोललेले बापलेक एका दांड्याला जुंपून मुकाट्याने गोल फिरत होते आणि सगळं घर लखलखत होतं.

चार-पाच फेऱ्या झाल्या असतील. मग काकाजींनी तो प्रश्न विचारला. जगातल्या सगळ्यांना विचारून झाला होता, याला एकट्याला विचारला नव्हता.

"कोरसा कितीक साल पुरन?"

मी मनात म्हणत होतो, पंचवीस सांग, वीस सांग, कमी करून सांग रे बाबा. पण पोराला घासाघीस माहीत नव्हती. तो रोज तो पट्टा बघत होता.

"लय हाये, बाबा. मी रिटायर होईन, तरी उरन."

उजेड गेला. काकाजी थांबले होते. गावातल्या टीव्हीचा आवाज तेवढा येत होता आणि गोठ्यात एका युनिटाने फुरफुरल्याचा. मग त्या अंधारात योगेशच बोलला, खालच्या आवाजात.

"तुमी कोरशाची वाट कायले पाहून राहिले? बैलाले दरसाल आवतन देता. मले कवा देल्लं?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग दाते करकरले, दांडा हलला आणि हेडलाइट हळूहळू पिवळा होत वर आला. त्यात काकाजींचा चेहरा दिसला. घामाने भिजला होता, निदान मी घामानेच असं धरून चाललो. ते एवढंच म्हणाले, "चाल. माय जेवाले थांबली हाये."

जेवायच्या आधी फ्यूज परत बसवला. पुरणपोळी कोळशाच्याच उजेडात खाल्ली.

सकाळी योगेशला गोंदियाहून गाडी पकडायची होती. काकाजींना मान फिरवता येत नव्हती. ते बाजेवर उघडे बसले होते आणि काकू बैलांच्या वाटीतलं उरलेलं हळद-लोणी त्यांच्या खांद्यांना चोळत होत्या. चोळता चोळता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिसरं युनिट." काकाजी हसले नाहीत. योगेश पाया पडायला वाकला, तेव्हा त्यांनी वाटी काकूंच्या हातून घेतली आणि त्याला थांबवलं. त्याच्या शर्टाची कॉलर मागे ओढली. कोवळ्या खांद्यावर दांड्याचा लाल वळ उठला होता. त्यावर त्यांनी हळद-लोणी चोळलं, बैलाला चोळतात तसं, थापट्या मारत मारत. नव्या शर्टाला डाग पडले. पोरगं हललं नाही. मग गोठ्याकडे बघत, दुसऱ्या कोणाशी बोलल्यासारखं काकाजी म्हणाले,

"आज आवतन घे. उद्या जेवाले ये."

"हाव, बाबा," योगेश म्हणाला.

एसटी धूर सोडत वळणापलीकडे गेली तोवर काकाजी फाटकाशी उभे होते. एरवी त्या धुरावर त्यांनी कंडक्टरला चार शब्द ऐकवले असते. परत येऊन बाजेवर बसले. ढवऱ्या आणि पहेलवान सणाचा आळस काढत रवंथ करत होते. मी ऑफिसला निघालो होतो, तर त्यांनी हाक मारली.

"बाबूसाहेब. कोरसा कितीक साल पुरन?"

मी इतक्या दिवसांत शहाणा झालो होतो. आणि त्या सकाळी तर हा माणूस जे मागेल ते द्यायची माझी तयारी होती. त्यांनी घासाघीस करायचीसुद्धा वाट न पाहता मी म्हटलं, "दहा वर्षं, काकाजी. फार फार तर दहा."

काकाजींचा चेहरा उतरला. त्यांनी काकूंकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं. हळदीचा हात मिशीवरून फिरवला.

"एवढाच?" ते म्हणाले. "थोडा वाढवा ना. पोट्ट्याची नोकरी हाये."

मी सायकल भिंतीला लावली, त्यांच्याजवळ बाजेवर बसलो आणि वाढवत गेलो.